आठवणीच्या खुणा

वृत्त ओळखावयाचा प्रश्न आला की पुष्कळ विद्यार्थ्यांच्या तोंडचे पाणी पळते. आठही गण पाठ असतात; पण ऐन परीक्षेत र गण व त गण यांची अदलाबदल होते, आणि ती झाली आहे हे पडताळण्याचे साधन मुलाजवळ नसते.

श्रोते हो, जुन्या पंडितांनी यासाठी दहा अक्षरांचा एक शब्द योजिला: ‘यमाताराजभानसलगं’. त्यास स्वतःचा अर्थ काही नाही. ज्या गणाचे लक्षण हवे, त्याच्या अक्षरापासून तीन अक्षरे म्हणावीत. र गण म्हणजे ‘राजभा’: गुरु, लघु, गुरु. त गण म्हणजे ‘ताराज’: गुरु, गुरु, लघु. विसरलेले लक्षण येथे पुन्हा मांडता येते.

मिटलेल्या मुठीवर महिने मोजण्याची रीतही अशीच. उंचवट्यावर ३१ दिवस, खळगीत ३०. फेब्रुवारी तेवढा निराळा. जुलै शेवटच्या उंचवट्यावर संपतो, ऑगस्ट पुन्हा पहिल्यावर येतो, म्हणून दोन्ही ३१ दिवसांचे.

‘तानापिहिनिपाजा’ ची गोष्ट मात्र वेगळी. इंद्रधनुष्यातील रंगांची ती केवळ आद्याक्षरे. क्रम मिळतो, रंग मिळत नाही. माझ्या वर्गातील एका मुलाने ‘पा’ म्हणजे पांढरा असे बिनदिक्कत लिहिले होते! त्यास मी दोष कसा द्यावा? पारवा रंग त्याने कधी पाहिलाच नव्हता. तेव्हापासून मी आधी लोलकातून भिंतीवर रंगांचा पट्टा पाडून दाखवितो. अक्षरे दुसऱ्या दिवशी सांगतो.