धर्मांतर आणि मनःपरिवर्तन : पंडिता रमाबाईंचे उदाहरण

‘धर्मांतर’ हा शब्द मराठीत बहुधा बाह्य घटनेसाठी योजिला जातो : विधी झाला, नोंद झाली, माणूस एका समाजातून दुसऱ्यात गेला. ग्रीक ‘मेटॅनोइया’चा रोख मात्र चित्ताच्या पालटाकडे आहे, मराठी बायबलातील ‘पश्चात्ताप’ ह्या प्रतिशब्दात त्यातील अनुतापच तेवढा उरतो. हे दोन अर्थ एकाच चरित्रात वेगळे झालेले पाहावयाचे असल्यास पंडिता रमाबाईंकडे वळावे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात वादळ उठले ते ह्याच घटनेवरून. स्वतः रमाबाईंनी मात्र १९०७ च्या आत्मनिवेदनात निराळाच हिशेब मांडला आहे : बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त लाभला नाही, तो लाभला आठ वर्षांनी. मधल्या काळात त्रित्वाच्या सिद्धांताविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी पत्रांतून वाद घातला. ह्या वादास श्रद्धेचा अभाव म्हणणे घाईचे होईल. धर्म बदलला, तरी बुद्धीचे स्वातंत्र्य त्यांनी गहाण टाकले नव्हते, एवढेच त्यावरून दिसते. दुसऱ्या पालटाला ना विधी होता, ना साक्षीदार. जनगणनेच्या लेखी तो घडलाच नाही. शारदासदनावरील टीकाकारांचा रोषही प्रामुख्याने बाह्य धर्मांतरावरच, म्हणजे सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते ह्या आरोपावर, होता.