दंड फुगतात, वृषणे आकसतात

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या इंजेक्शनने दंड फुगतात, हे खरेच आहे. १९९६ साली शालेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ निरोगी पुरुषांवर हे तपासले. ज्यांनी दहा आठवडे वजने उचलली, पण औषध घेतले नाही, त्यांचे चरबीविरहित वजन सुमारे २ किलोंनी वाढले. दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेऊन व्यायाम टाळणाऱ्यांचे ३ किलोंनी, तर दोन्ही करणाऱ्यांचे ६ किलोंनी.

मग बिघडते कुठे? गच्चीवरची टाकी भरली की फ्लोट नळ बंद करतो. तसाच मेंदू रक्तातले टेस्टोस्टेरॉन सतत जोखत असतो. बाहेरून भरपूर आले की पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके सोडणे थांबवते. हुकूमच नाही म्हटल्यावर वृषणे काम बंद करतात, आकसतात. शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अ‍ॅरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेनमध्ये बदलते आणि पुरुषाचे स्तन वाढू लागतात. चांगले कोलेस्टेरॉल घटते, हृदयाची भिंत जाड होते.

दंड फुगूनही आरशात स्वतःला किडकिडीतच पाहणारे असतात. या मनोविकाराला हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘मसल डिसमॉर्फिया’ म्हटले. व्यायाम चुकेल म्हणून सख्ख्या बहिणीच्या हळदीला दांडी मारणे, भर उन्हात ढगळ शर्टात दंड लपवणे, ही त्याची लक्षणे असू शकतात.

इंजेक्शने एकदम थांबवली तर नैराश्य येऊ शकते. म्हणून ती सोडतानाही सल्ला जिमच्या ट्रेनरचा नको, संप्रेरकतज्ज्ञाचा घ्या.