नव्वदाव्या क्रमांकाची ऊब

१९९१ साली इलेक्ट्रॉनिक वाद्ये बनवणाऱ्या कारखानदारांनी आपसांत एक तह केला आणि १२८ आवाजांना कायमचे क्रमांक वाटून दिले, जेणेकरून एका वाद्यावर बसवलेली चाल दुसऱ्या कंपनीच्या वाद्यावर वाजवली असता पियानोच्या जागी भलताच आवाज निघू नये. 'जनरल मिडी' या नावाच्या त्या यादीत पहिल्या क्रमांकावर पियानो आहे, आपली सतार १०५व्या आणि सनई ११२व्या क्रमांकावर आहे, आणि अगदी शेवटी, १२८व्या जागी, बंदुकीचा बार आहे. बहुतेक जागांवर वस्तूंची नावे आहेत; परंतु ८९ ते ९६ या आठ जागा 'पॅड' नामक आवाजांसाठी राखून ठेवलेल्या असून त्यांतल्या नव्वदाव्या जागेवर 'वॉर्म', म्हणजे ऊबदार, एवढे एक विशेषण तेवढे लिहिलेले आहे. ज्या धंद्याचा सारा कारभार मोजमापावर आणि आकडेमोडीवर चालतो, त्याच्या दप्तरात 'ऊबदार' हा शब्द अधिकृत नोंद म्हणून दाखल व्हावा, ही बाब मला वर्षानुवर्षे विचारात पाडीत आली आहे. कारण ही ऊब कोठून येते, याचे उत्तर शोधू लागले की वाद्यांच्या अंतरंगातून माणूस थेट माणसांच्या मेळाव्यात येऊन पोहोचतो.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात 'पॅड' म्हटले की काठ्यांनी वाजवायचा ऑक्टोपॅड डोळ्यांपुढे येतो, म्हणून आधी खुलासा करणे भाग आहे. येथे अभिप्रेत असलेला पॅड म्हणजे तीन-चार पट्ट्या एकदम दाबून धरल्या असता हलकेच उगवणारा, धरून ठेवू तोवर संथपणे हालत राहणारा आणि बोटे उचलल्यावरही लगेच न तुटता विरत जाणारा भरीव स्वरसमूह. अंगरख्याला जसे अस्तर, तसा गाण्याला पॅड: ते सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही, पण काढून घेतले की वस्त्राचा घाटच बिघडतो. तंबोऱ्याच्या सान्निध्यात ज्याने गाणे ऐकले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. तंबोरा एका षड्जाशी इमान राखतो आणि पॅड स्वरसंगतीबरोबर आपली जागा बदलतो, एवढा भेद सोडला, तर गाणाऱ्या गळ्याच्या पाठीशी अखंड उभे राहण्याचे दोघांचेही कर्तव्य एकच आहे.

आता, डिजिटल वाद्यांवर सुरुवातीपासून जो आरोप ठेवला गेला, तो नेमका थंडपणाचा. जुन्या अ‍ॅनलॉग सिंथेसायझरमध्ये स्वर उत्पन्न करणारे विद्युत्मंडल हवेच्या उष्णतेबरोबर किंचित चढते-उतरते. एकच पट्टी दोनदा दाबली तरी दोन्ही वेळा नाद तंतोतंत सारखा निघत नाही. डिजिटल वाद्यात मात्र स्वर म्हणजे घड्याळाच्या ठोक्याबरहुकूम वाचली जाणारी आकड्यांची रांग. ती दर वेळी तीच, आणि कान हा इंद्रियांमध्ये असा चोखंदळ की निर्दोष पुनरावृत्तीला तो फार लवकर कंटाळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली असे आढळले की स्वराला दिलेला कंप उत्तरोत्तर वेगवान करीत नेला, तर एका मर्यादेपलीकडे तो कंप म्हणून ऐकू येईनासा होतो आणि त्याऐवजी नादाची जातीच पालटते. यामाहा कंपनीने या शोधाचे हक्क घेतले आणि त्यातून १९८३ साली डीएक्स-७ हे वाद्य बाजारात आले. त्याच्या घंटा आणि इलेक्ट्रिक पियानो यांनी त्या दशकातील गाणी भरून गेली. आवाज स्वच्छ, लखलखीत, काचेच्या भांड्यावर टिचकी मारावी तसा. मात्र त्या वाद्यात एका नादाचा समूह भासवणारा कोरस नव्हता की प्रतिध्वनीची सोय नव्हती, आणि ज्यांनी त्याच्या कारखानी आवाजांपलीकडे पाऊल टाकले नाही, त्यांना त्यात ऊब सापडली नाही. संगीतकार ब्रायन ईनो यांच्यासारख्या ज्या थोडक्या लोकांनी त्याचे अंतरंग चिकाटीने अभ्यासले, त्यांना ती सापडली. म्हणून डिजिटल वाद्य स्वभावतःच थंड असते, हा निवाडा मला घाईचा वाटतो.

मग ऊब म्हणजे काय? माझे म्हणणे असे की ऊब म्हणजे जवळजवळ एकमत असलेल्यांमधील किंचित मतभेद. सेकंदाला ४४० कंपने असलेला एक स्वर घ्यावा आणि त्याच्यासोबत ४४१ कंपनांचा दुसरा वाजवावा. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातल्या केवळ चार भागांएवढे हे अंतर. परंतु त्यामुळे दर सेकंदाला एकदा नाद फुलतो आणि एकदा मिटतो, ज्याला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात विस्पंद म्हणतात. आणि जो स्वर क्षणापूर्वी भिंतीवरच्या रेघेसारखा निर्जीव होता, तो श्वास घेऊ लागतो. अंतर वीस भागांपर्यंत वाढवावे, तर हेच विस्पंद सेकंदाला पाच होतात, आवाज थरथरू लागतो, आणि त्याहून पुढे गेल्यास सरळ बेसूर होतो. तंबोऱ्याची जोड लावताना वादक जी खुंटी नखभर पुढे-मागे करीत कान देऊन बसलेला असतो, त्याची सारी तपश्चर्या या अरुंद पट्ट्यातच चाललेली असते. सोळा व्हायोलिनवादक एकच ओळ वाजवतात तेव्हाही प्रत्येकाचा गज निराळा, बोटाचा कंप निराळा, सुरूही कोणी केसभर आधी करतो तर कोणी नंतर; आणि कानाला सोळा व्हायोलिने ऐकू येत नाहीत, एकही येत नाही, ऐकू येते ते एक विस्तीर्ण, मऊ असे तिसरेच काही.

यंत्रे बनवणाऱ्यांनी हे मर्म फार लवकर ओळखले होते. हॉलंडमध्ये १९७४ साली निघालेल्या 'सोलिना स्ट्रिंग एन्सेंबल' या वाद्याच्या आणि रोलँड कंपनीने १९७६ मध्ये काढलेल्या 'कोरस एन्सेंबल' या पेटीच्या नावांतच समूहाचा उच्चार आहे. कोरसची रीत सोपी आहे: मूळ नादाची एक प्रत काही सहस्रांश सेकंद उशिरा सोडायची, तो उशीर सावकाश कमीजास्त करीत राहायचे, म्हणजे प्रत आपोआप किंचित चढी-उतरी होते, आणि मग ती मुळात मिसळायची. रोलँडच्याच १९८२ च्या जुनो-६० या सिंथेसायझरमध्ये स्वरांचे नियमन डिजिटल पद्धतीने होत असल्यामुळे ते ढळत नसत, आणि तरीही त्याचे पॅड लोण्यासारखे मऊ म्हणून नावाजले गेले, याचे पुष्कळसे श्रेय त्यातल्या कोरसला आहे.

परंतु या विषयाचा खरा नायक, माझ्या मते, १९८७ साली आलेला रोलँडचा डी-५०. त्या काळी स्मृतीच्या चकत्या, म्हणजे मेमरी चिप, महाग होत्या. एखाद्या वाद्याचा दीर्घ स्वर जसाच्या तसा ध्वनिमुद्रित करून वाद्याच्या पोटात साठवायचा, तर सर्वसामान्य वादकाला ते वाद्य परवडणेच शक्य नव्हते. यावर रोलँडच्या अभियंत्यांनी जी तजवीज केली, ती मानवी श्रवणाच्या एका जुन्या निरीक्षणावर उभी आहे. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ च्या सुमारास घंटेच्या ध्वनिमुद्रणातून पहिला आघात कापून टाकला आणि उरलेला नाद ऐकला, तेव्हा ती घंटा वाटेना, फुंकवाद्य वाटू लागले. अर्थात वाद्याची ओळख बहुतांशी त्याच्या उगमाच्या क्षणात असते. डी-५० मध्ये म्हणून घंटा, बासरी, छेडलेली तार यांचे आरंभीचे क्षण तेवढे अस्सल ध्वनिमुद्रित तुकड्यांतून घेतले, आणि पुढचा लांबलचक देह वाद्याने स्वतः गणिताने रचलेल्या तरंगांतून उभा केला. कान उगमाच्या खरेपणावर विश्वास टाकतो आणि पुढे येणारे कल्पित त्याच विश्वासाने स्वीकारतो. एका आवाजात असे चार घटक असत. ते दोन-दोनांच्या जोड्यांत मांडलेले, प्रत्येक जोडीला स्वतंत्र कोरस, आणि सर्वांवर शेवटी वाद्यातच बसवलेला, दिवाणखान्यापासून मंदिराच्या सभामंडपापर्यंत कोणत्याही जागेचा भास देणारा डिजिटल घुमारा. तोवर असा घुमारा हवा असेल, तर वेगळे महागडे यंत्र आणावे लागे.

एरिक पर्सिंग या अमेरिकी ध्वनिकाराचा ज्यांच्या रचनेत मोठा वाटा होता, त्या डी-५० च्या कारखानी आवाजांपैकी 'फँटाझिया' हा एकच येथे जवळून पाहू. पट्टी दाबताच प्रथम घंटेचा एक निर्मळ ठोका येतो, देवघरातली छोटी घंटा दुसऱ्या खोलीतून ऐकू यावी तसा. त्या ठोक्याचे कंगोरे विरू लागतात न लागतात तोच त्याच्या खालून एक रुंद, धूसर स्वर वर चढतो, आणि आधीचा कोठे संपला व नंतरचा कोठे सुरू झाला हे कितीही कान टवकारले तरी सांगता येत नाही. मग चार स्वरांची संगती तशीच धरून ठेवावी आणि काही न करता अर्धा मिनिट ऐकावे. नाद डावीकडून उजवीकडे सावकाश कलतो, परत येतो. मधला एखादा स्वर उजळतो, दुसरा मागे सरतो. बोटे स्थिर असतात आणि आवाज स्थिर नसतो. या आवाजाची छाप इतकी खोल पडली की १९९१ च्या त्या यादीत ऊबदार पॅडच्या आधीची, ८९ वी जागा जी 'न्यू एज' नावाने लागली, तिथे रोलँडच्या वाद्यांवर 'फँटाझिया' हेच नाव पुढेही कायम राहिले. एन्या या आयरिश गायिकेच्या १९८८ च्या 'ओरिनोको फ्लो' मधील सुप्रसिद्ध टिचक्यांचा आवाजदेखील याच वाद्यातला आहे.

इतर वाद्यांचा उल्लेख धावताच करतो. हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्म यांच्या पीपीजी वेव्हमध्ये आठ बिटांचे खरबरीत तरंग अ‍ॅनलॉग फिल्टरमधून गाळून घेतलेले असत, आणि खडीसाखर चहात विरघळावी तशी ती खरबर त्या फिल्टरमध्ये अर्धवट विरघळत असे. सिडनीच्या फेअरलाइटमधील मानवी गळ्यासारखा श्वासयुक्त आवाज अनेक संगीतकारांनी वापरला. १९८८ चा कॉर्ग एम-१ सुरू केला की पहिलाच आवाज 'युनिव्हर्स' नावाचा, गायकवृंदाचा भास देणारा पॅड येई. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि अस्सल व्हायोलिनांच्या संपूर्ण ताफ्याचे ध्वनिमुद्रण कोणालाही घरी ठेवता येऊ लागले; तरीही लोक या जुन्या आवाजांकडे परत येतात, आणि खुद्द रोलँडने २०१७ मध्ये डी-५० चा डी-०५ नावाचा छोटा अवतार काढला.

या प्रेमाच्या जमाखर्चात एक रक्कम मात्र आपल्या मुंबईच्या नावे लिहिलेली आहे आणि ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिंदी चित्रपटसंगीताच्या वैभवाच्या काळात ध्वनिमुद्रणाला बसणाऱ्या व्हायोलिनांच्या रांगांमध्ये गोव्याहून आलेले वादक मोठ्या संख्येने असत. तेथील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून आलेली ही मंडळी. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्यापाशी प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली सुविख्यात नावे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सिंथेसायझरने या रांगांची जागा क्रमाक्रमाने घेतली, आणि जे काम पन्नास गज मिळून करीत ते एकाच माणसाच्या दहा बोटांवर येऊन पडले. ज्या किंचित मतभेदाला आपण ऊब म्हणतो, तो यंत्राने अशाच माणसांच्या रांगांपासून शिकून घेतला होता. पॅडचा नाद कानी पडला की मला त्यामागे ते गज दिसतात, आणि त्यामुळे त्याच्यावरचे प्रेम कमी होत नाही, अधिक गंभीर होते.

आता वाचकांपैकी काहींना एक कळकळीची विनंती. नव्वदीच्या सुमारास गावोगावी ऑर्केस्ट्रांचा जो सुकाळ होता, त्या काळातील सिंथेसायझर आज कित्येक घरांच्या माळ्यावर खोक्यात बंद पडून आहेत. त्यांच्या पोटात बहुधा नाण्याएवढी ३ व्होल्टची एक लिथियमची सेल असते आणि वादकाने साठवलेले आवाज तिच्याच आधारावर टिकून असतात; सेल संपली की ते पुसले जातात. कारखान्याचे मूळ आवाज पुन्हा भरता येतात, परंतु एखाद्या वादकाने गणेशोत्सवातील रात्रीच्या कार्यक्रमांसाठी, एकेका गाण्याची मूळ तबकडी ऐकून ऐकून, कानाने जुळवलेला पॅड गेला की तो कायमचा जातो. असाच एक जुना कीबोर्ड मी उघडविला तेव्हा सेलवरचा दाब २.१ व्होल्टवर आला होता, आणि पडद्यावर गाण्यांची आद्याक्षरे दिलेले अठरा आवाज अजून शाबूत होते. आम्ही आधी मिडीच्या तारेने ते सारे संगणकात उतरवून घेतले, आणि मगच जुनी सेल काढून नवी बसवली. हाच क्रम पाळावा. वाद्य भंगारात देण्यापूर्वी एकदा चालू करून पाहावे, जाणकाराकडून त्यातले आवाज उतरवून घ्यावे, आणि ज्याने ते जुळवले त्याचे नाव त्या नोंदीत अवश्य लिहून ठेवावे.