नाव, क्रमांक आणि वहिवाट : सामायिक संगणकावरील खाते व सत्र यांच्या नोंदी

एकाच संगणकावर अनेक माणसे एकाच वेळी काम करीत असता ‘या क्षणी येथे कोण आहे?’ हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. प्रश्न दिसतो सोपा; परंतु त्याचे उत्तर ज्या नोंदींतून मिळते त्या नोंदी परस्परांहून भिन्न आहेत आणि त्यांतील प्रत्येक नोंद निराळ्याच गोष्टीची साक्ष देते. या नोंदींचे स्वरूप भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विशद करावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नाम आणि नामधारी यांचा संबंध हा भाषाशास्त्राचा जुना विषय असल्यामुळे हे विवेचन विभागाच्या कक्षेबाहेरचे ठरू नये.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला आणि १९६४ साली तेथे ‘सीडीसी ३६००’ हे मोठे यंत्र आले. त्या काळी संशोधक आपले काम छिद्रित पत्त्यांच्या गठ्ठ्याच्या रूपाने देत असे. यंत्र एकामागून एक कामे उरकीत असे आणि छापील उत्तर मागाहून हाती पडत असे. अशा रांगेच्या पद्धतीत काम असते, पण ‘सत्र’ नसते. कारण माणूस यंत्रासमोर बसलेलाच नसतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांदो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली कालविभाजनाची पद्धती प्रत्यक्ष करून दाखविली. यंत्राचा वेळ अतिसूक्ष्म तुकड्यांत विभागून तो अनेकांस आळीपाळीने द्यावयाचा. तुकडे इतके लहान की प्रत्येकास संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे वाटावे. या पद्धतीबरोबर दोन गोष्टी आवश्यक ठरल्या. कोणी किती वेळ वापरला याचा हिशेब ठेवण्यासाठी ‘खाते’ आणि खातेदाराने आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंतचा काळ म्हणजे ‘सत्र’. खाते हा शब्द येथे अगदी वाच्यार्थाने आला आहे, हे ध्यानात ठेवावे.

बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या प्रणालीचा आरंभ केला. तिच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच ‘हू’, म्हणजे ‘कोण’, या आज्ञेचे वर्णन आढळते. आज बहुसंख्य सेवासंगणक ज्या ‘लिनक्स’वर चालतात त्यातही ही आज्ञा आहे. तिच्यामागील मुख्य नोंदी तीन.

पहिली नोंद खात्यांची. ‘पासवर्ड’ याच नावाचे संक्षिप्त रूप धारण करणाऱ्या एका फाईलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते आणि तीत विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी अलग केलेले सात रकाने असतात : खातेनाम, परवलीच्या शब्दाची जागा, खातेक्रमांक, गटक्रमांक, खातेदाराचे पूर्ण नाव इत्यादी माहिती, त्याची स्वतःची निर्देशिका आणि प्रवेश होताच सुरू होणारा कार्यक्रम. परवलीचा शब्द आता येथे ठेवीत नाहीत. त्याचे गुप्त रूप सर्वांस न दिसणाऱ्या दुसऱ्या फाईलमध्ये असते. दुसरी नोंद चालू सत्रांची : कोणते खातेनाम, कोणत्या टर्मिनलवरून, कोठून व केव्हा आत आले. ‘हू’ ही आज्ञा हीच वही वाचून दाखविते. तिसरी नोंद झालेल्या सत्रांची. तीत प्रत्येक प्रवेश व निर्गमन क्रमाने लिहिले जाते आणि ‘लास्ट’ या आज्ञेने ते उलट क्रमाने, म्हणजे ताजे आधी, वाचता येते.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव. तेथील शेतजमिनींवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविले. त्या गावच्या संदर्भात वरील भेद समजण्यास सातबाराचा उतारा उत्तम दृष्टांत ठरतो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख : जमीन कोणाच्या नावे, हे तो सांगतो. नमुना बारा ही पिकांची नोंदवही : त्या साली शेतात काय पिकले, हे ती सांगते. आणि सातबारावर नाव एकाचे असता वहिवाट दुसऱ्याचीच असावी, हा अनुभव आपल्याकडील दिवाणी न्यायालयांस नवा नाही. खात्यांची फाईल म्हणजे नमुना सात. सत्रांची वही म्हणजे नमुना बारा. दोहोंवरून वहिवाटीचे अनुमान करता येते. परंतु वहिवाट प्रत्यक्ष पाहिली, असे म्हणता येत नाही.

याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास एका प्रसंगी आला. आमच्या बोली-अभ्यासाच्या प्रकल्पातील ध्वनिमुद्रणांची लिप्यंतरे हिंजवडीतील एका संस्थेच्या सामायिक संगणकावर ठेवलेली होती. गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस असे आढळले की एका संपूर्ण गावाच्या लिप्यंतरांतून अनुनासिकाची चिन्हे सरसकट नाहीशी झाली आहेत. ज्या बोलीत ‘तेथे’ व ‘तेथें’ यांतील उच्चारभेद हाच अभ्यासाचा विषय, तेथे ही हानी सामान्य नव्हे. फाईलच्या मालकाचे नाव पाहिले तर ते नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण साहाय्यकाचे निघाले. त्याने ‘मी या फाईलला हात लावलेला नाही’ असे सांगितले. कोणाचाही विश्वास बसला नाही. आणि हे कबूल केले पाहिजे की लेखकाचाही बसला नाही. यंत्राने दिलेल्या नावापुढे माणसाचा शब्द आम्ही हलका मानला.

उलगडा झाला तो नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर. फाईलच्या मालकीची नोंद नावाने होत नाही, क्रमांकाने होते. फाईलवर लिहिलेले असते केवळ ‘१०१४’. हा क्रमांक आज कोणाचा, हे खात्यांच्या यादीत पाहून यंत्र त्याच्या जागी नाव छापते. मे महिन्यात १०१४ हे खाते एका जुन्या साहाय्यकाचे होते. तो नोकरी सोडून गेला, त्याचे खाते काढून टाकण्यात आले आणि ते यादीतील अखेरचे असल्यामुळे पुढील नव्या खात्यास तोच क्रमांक मिळाला. जणू एकाच्या मृत्यूनंतर फेरफाराची नोंद न करताच त्याच्या गटक्रमांकापुढे परक्याचे नाव चढले! झालेल्या सत्रांची वही मात्र क्रमांक न लिहिता नाव लिहून ठेवते. फाईल शेवटची बदलली गेली ती २८ मे रोजी. त्या सायंकाळच्या सत्रापुढे ‘लास्ट’ने जुन्या साहाय्यकाचे नाव दाखविले, नव्या साहाय्यकाचे पहिले सत्र १० जूनचे. विचारणा करता जुन्या साहाय्यकाने लेखन ‘नियमानुसार शुद्ध’ करण्याच्या सद्‌हेतूने एक लहान कार्यक्रम चालविला होता, असे समजले. मूळ प्रत राखीव साठ्यात मिळाली. निरपराध तरुणाची क्षमा मागण्यात आली.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अनेक यंत्रांवर सत्रांची वही दरमहा बदलतात व मागील एकच वही जवळ ठेवतात. येथेही तशीच व्यवस्था होती. चौकशी आणखी आठवडाभर लांबती, तर मे महिन्याची वही नष्ट झाली असती आणि त्या तरुणाजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज पुरावा उरला नसता. सबब काढलेल्या खात्याचा क्रमांक पुन्हा कोणास देऊ नये, खाते पुसण्याऐवजी बंद करून ठेवावे आणि मालकी, काळ व सत्र या तिन्ही नोंदी जुळल्याखेरीज कोणावर ठपका ठेवू नये, हे तीन नियम आम्ही त्यानंतर पाळीत आलो आहोत.

भाषाभ्यासकास रंजक वाटेल असा आणखी एक भेद येथे नमूद करावासा वाटतो. ‘हू ॲम आय’ अशी तीन सुटी पदे लिहिली असता यंत्र चालू सत्रांच्या वहीत पाहून आपण मुळात कोणत्या नावाने आत आलो ते सांगते. तीच पदे जोडून एक शब्द केला की ते या घटकेस आपण कोणाच्या अधिकाराने वागत आहोत ते सांगते. एखाद्या खातेदाराने मध्येच व्यवस्थापकाचा अधिकार धारण केला असेल, तर दोन्ही उत्तरे निराळी येतात. ‘कोऽहम्’ या प्रश्नाची दोन उत्तरे केवळ एका मोकळ्या जागेने विलग व्हावीत, हे कोणाही वैयाकरणास विचारात पाडणारे आहे.

नोंद पाहण्याचा अधिकार कोणास, हाही प्रश्न आहेच. स्टॅनफर्ड येथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी १९७१ साली ‘फिंगर’ नावाचा कार्यक्रम लिहिला. सहकारी उपस्थितांच्या यादीवरून बोट फिरवीत हवे ते नाव शोधीत, म्हणून त्यास हे नाव. तो खातेनामाबरोबर पूर्ण नावही सांगे. पुढे तो दूरच्या यंत्रावरूनही विचारता येऊ लागला. परस्परविश्वासाच्या त्या लहान जगात ही सोय होती. परंतु २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या ‘मॉरिस वर्म’ने याच सेवेतील एका दोषाचा आधार घेऊन यंत्रायंत्रांत शिरकाव केला. आज ही सेवा बहुतेक ठिकाणी बंद ठेवलेली असते.

‘डब्ल्यू’ ही आज्ञा तर प्रत्येक टर्मिनलवर किती वेळ कळ दाबली गेली नाही, हेही दाखविते. या आकड्यास ‘निष्क्रिय काळ’ म्हणतात. परंतु मोल्सवर्थचा कोश उघडून एका शब्दाचे चार अर्थ ताडून पाहणारा अभ्यासक यंत्राच्या लेखी तासभर निष्क्रियच असतो. कळ न दाबणे म्हणजे काम न करणे नव्हे. या आकड्यावरून कामाचे मूल्यमापन करू पाहणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

या वह्यांचे जुने रूपही आता बदलत आहे. त्यांतील कालगणना बत्तीस अंकस्थानांत बसविलेली असल्यामुळे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर, तिची मर्यादा ओलांडली जाईल. म्हणून नव्या प्रणालींत सत्रांच्या नोंदी अन्य प्रकारे ठेवण्यास प्रारंभ झाला आहे. काहींत चालू सत्रे ‘लॉगिनसीटीएल’ या आज्ञेने पाहावयाची असतात. आज्ञा बदलतील, वह्या बदलतील. परंतु नोंदीतील नाव, त्यामागील क्रमांक आणि टर्मिनलसमोर बसलेला माणूस या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तत्त्व त्याने बदलणार नाही. पहिल्या दोन यंत्र सांगू शकते. तिसरीचा शोध माणसालाच, आणि तोही माणसाला विचारूनच, घ्यावा लागतो.