पत्रें येतात, पण जात नाहींत



टपालवाला दारीं येऊन पत्रें देऊन जातो, परंतु आपण लिहिलेलें पत्र कोपऱ्यावरची पेटी कांहीं केल्या घेत नाहीं, असा प्रसंग सहसा कोणावर येत नाहीं. संगणकावरील टपालाच्या बाबतींत मात्र तो पुष्कळांवर येतो. सकाळीं आलेलीं पत्रें निर्वेध दिसतात. पण उत्तर पाठवूं जावें तों परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, चुकीचा असल्याची सूचना झळकते. शब्द चुकला असेल तर पत्रें आलीं कशीं, हा प्रश्न साहजिक आहे. आणि कोड्याची उकलहि त्याच प्रश्नांत आहे.

माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनीं अशा वेळीं वैतागून आपलें खातेंच प्रोग्राममधून काढून टाकलें. काढतांना ‘पत्रेंहि काढावीं काय’ या विकल्पावर त्यांनीं खूण केली. खातें पुन्हां मांडतां आलें. परंतु जुनीं पत्रें केवळ त्या संगणकावरच होतीं, तीं कायमचीं गेलीं. परगांवीं असलेल्या मुलीचीं दहा वर्षांचीं पत्रें त्यांत होतीं. आणि मूळ दोष होता तो एका जुन्या चिठ्ठीचा!

ही चिठ्ठी कोणती? पत्र आणणें व पत्र नेणें हीं कामें दोन निराळे सर्व्हर करितात, व त्यांचे नियमहि निराळे आहेत. नेणाऱ्याच्या नियमांस एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं ते लिहून प्रसिद्ध केले, तेव्हां पाठविणाऱ्यास पासवर्ड विचारण्याची तरतूद त्यांत नव्हती. पुढें नकोशा जाहिरातपत्रांचा सुळसुळाट झाला; आणि १९९९ सालीं पाठविणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची रीत त्या नियमांस जोडण्यांत आली. अशा रीतीनें दारें दोन, द्वारपाल दोन. आणि आपला प्रोग्राम प्रत्येकासाठीं पासवर्डाची निराळी चिठ्ठी जपून ठेवतो. आपण पासवर्ड बदलतों तेव्हां पुष्कळदां आणणाऱ्याची चिठ्ठी नवी होते, नेणाऱ्याची मात्र जुनीच राहते.

आतां उपाय पाहूं. प्रथम सूचना नीट वाचावी. तींत ५३५ हा आंकडा असेल, तर ओळख पटली नाहीं असा त्याचा अर्थ. सर्व्हरशीं संबंधच जुळला नाहीं, असें लिहिलें असेल, तर पासवर्ड निर्दोष समजावा व पोर्टचा आंकडा पाहावा. तो बहुधा ५८७ किंवा ४६५ असावा लागतो. त्यानंतर टपालसंस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन तोच पासवर्ड चालतो कीं नाहीं, याची खात्री करावी.

तेथें तो चालत असेल, तर चिठ्ठी शोधावी. थंडरबर्ड या प्रोग्रामचें उदाहरण घेऊं. त्याच्या ‘सेटिंग्ज’मध्यें ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या सदराखालीं ‘सेव्ह्ड पासवर्ड्‌स’ अशी कळ आहे. ती दाबतांच यादी उघडते. ज्या ओळीच्या आरंभीं ‘एसएमटीपी’ हीं अक्षरें आहेत, तीच आपल्याला हवी असलेली चिठ्ठी. तेवढीच काढावी. तिच्याबरोबर एकहि पत्र जात नाहीं. मग प्रोग्राम बंद करून पुन्हां उघडावा व स्वतःलाच एक पत्र पाठवावें. पासवर्ड विचारला जाईल. तो सावकाश लिहून ‘लक्षांत ठेव’ या चौकटींत खूण करावी. एवढ्यानें भागलें नाहीं, तर नेणाऱ्या सर्व्हरच्या मांडणींत आपलें नांव बरोबर लिहिलें आहे काय, हें पाहावें. पुष्कळ ठिकाणीं संपूर्ण ई-मेल पत्ता हेंच नांव असतें.

जीमेल वापरणारांस आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. ३० मे २०२२ पासून गूगलनें व्यक्तिगत खात्यांसाठीं अशा प्रोग्रामांकडून नेहमींचा पासवर्ड स्वीकारणें बंद केलें. तेव्हां तो अचूक असूनहि नाकारला जातो. त्यावर मार्ग दोन. ओळख पटविण्याच्या रीतींत ‘ओऑथ-२’ निवडावें, म्हणजे गूगलची स्वतःची खिडकी उघडून संमति मागते. अथवा दुहेरी पडताळणी चालू करून प्रोग्रामपुरता सोळा अक्षरी निराळा पासवर्ड मिळवावा. मात्र मुख्य पासवर्ड बदलला कीं हे सोळा अक्षरी पासवर्ड रद्द होतात, व नवा घ्यावा लागतो. अकस्मात् बंद पडलेल्या कित्येक खात्यांचें मर्म येथेंच असतें.

शेवटीं एक विनंति. नकार मिळाला म्हणून तोच शब्द पुनःपुन्हां पाठवीत बसूं नये. कांहीं संस्था अशा वेळीं खात्यालाच कांहीं काळ कुलूप घालतात. आणि खातें काढून टाकण्याचा विचार मनांत आला, तर त्यापूर्वीं पत्रांची एक प्रत अन्यत्र ठेवावी. चिठ्ठी दोन मिनिटांत नवी लिहितां येते. दहा वर्षांचीं पत्रें पुन्हां कोणी लिहून देत नाहीं.