श्वेतपत्रिका म्हणजे काय?

सरकारी कारभाराविषयी वाद उद्भवला की विरोधी पक्ष श्वेतपत्रिकेची मागणी करतात. हा शब्द मूळचा ब्रिटिश संसदेतील. तेथे मोठे शासकीय अहवाल निळ्या वेष्टनात निघत, त्यांना ‘ब्लू बुक’ म्हणत. छोटे अहवाल पांढऱ्या कागदातच निघत, तेच ‘व्हाइट पेपर’. पॅलेस्टाइनविषयीचा १९२२ मधील ‘चर्चिल व्हाइट पेपर’ विशेष गाजला.

मे २०१२ मध्ये केंद्राने काळ्या पैशावर, तर नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने सिंचनावर श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. मात्र श्वेतपत्रिका हा कायदा नव्हे आणि चौकशी अहवालही नव्हे. ती सरकारने स्वतःच मांडलेली बाजू असते. त्यामुळे तिच्यातील आकडे पारखून घेण्याची जबाबदारी सभागृहाची आणि नागरिकांचीच ठरते.