खरी भरावभूमी तळावरून ओळखावी

गावाबाहेर कचरा ओतला की कचरा डेपो होतो, भरावभूमी नव्हे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे भरावभूमीच्या तळाशी ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर १.५ मिलिमीटर जाडीचे एचडीपीई प्लास्टिकचे अस्तर लागे. भूजल या मातीच्या थराखाली किमान २ मीटर खोल असावे लागे. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी, म्हणजे लीचेट, नळ्यांनी गोळा करून शुद्ध करायचे.

बुलढाणा जिल्ह्यात तळालाच सर्वाधिक महत्त्व. इथे बहुतेक ठिकाणी खाली बेसाल्ट आहे. त्याच्या ज्या भेगांतून विहिरींना पाणी येते, त्याच वाटेने घाणही येऊ शकते. शेगाव, संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात तर गोडे पाणी मुळातच दुर्मीळ. काळी माती चिकण खरी, पण उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या तिच्या भरवशावर राहता येत नाही.

जागा निवडताना याच नियमांनुसार नदीपासून १०० मीटर, तर तलाव, वस्ती, महामार्ग आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर अंतर बंधनकारक होते. पाणथळ क्षेत्रात परवानगीच नव्हती. २०२० पासून रामसर यादीत असलेले लोणार सरोवर त्यातच मोडते. कचऱ्यावर रोज किमान १० सेंटिमीटर मातीचा थर द्यायचा. जागा बंद झाल्यावरही किमान १५ वर्षे देखरेख चालू ठेवायची.

ओला कचरा मात्र भरावभूमीत येऊच नये. तो कुजून मिथेन तयार होतो, आणि मिथेन पेटतो. तेव्हा घंटागाडीत ओला आणि सुका कचरा वेगळाच टाका.